प्रॉम्प्टरचं तोंड

“दमयंती, इकडे ये जरा. काय करतेयस ते तुझं तूच बघ.”

ओजसने मॉनिटरसमोरची खुर्ची रिकामी करून मला बसवलं. तो आमचा दिग्दर्शक. सत्तावीस वर्षांचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण सगळं युनिट त्याला सर म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. पडद्यावर मी होते. हिरव्या ड्रेसमध्ये, पायरीवर बसून समोरच्याचं बोलणं ऐकत होते. समोर हुपरीकरकाका होते, पण ते चौकटीबाहेर. त्यांचा नुसता आवाज येत होता. “काल मी दूधवाल्याची ऑडिशन दिली,” आवाज म्हणाला, “आणि घरात चहाला दूध नाही.”

माझ्या तोंडानेही तेच म्हटलं. आवाज न करता, अक्षर अन् अक्षर.

“दिसलं?” ओजसने विचारलं.

“दिसलं.”

“तीन दिवसांचं सगळं फुटेज काल बसून बघितलं मी. काका बोलायला लागले की तुझे ओठ सुरू. माशाचं तोंड हलतं तसे. एक शॉट धड नाहीये तुझा. हे कधीपासून?”

कधीपासून ते मला चांगलं माहीत होतं, फक्त असं काही होतं हे माहीत नव्हतं. सात वर्षं मी एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, आणि नट अडला की पुढचा शब्द सोडायचा. चांगला प्रॉम्प्टर नट अडायची वाट बघत नाही. तो मनातल्या मनात सगळ्यांची सगळी वाक्यं सगळ्यांबरोबर म्हणत असतो, म्हणजे ऐन वेळी पान शोधायला नको. माझं मनातल्या मनात जरा तोंडापर्यंत आलं होतं एवढंच. विंगेत अंधार असल्यामुळे सात वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.

“उद्याचा सीन कुठला आहे, लक्षात आहे ना?” ओजस म्हणाला.

लक्षात नसायला काय झालं. त्याच सीनसाठी तर मी जगत होते.

मालिकेचं नाव ‘कळवतो’. काम मागायला गेलेल्या नटाला दारातून बाहेर काढायचा सगळ्यांत सभ्य शब्द. चार स्ट्रगलर एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात भाड्याने राहतात, रोज कुठेतरी ऑडिशनला जातात आणि रोज ‘कळवतो’ ऐकून परत येतात, अशी ती विनोदी गोष्ट. मी त्यातली बकुळा. हुपरीकरकाका त्यातले तात्या, तीस वर्षं एका फोनची वाट बघणारे. उद्या बकुळाला काम मिळाल्याचा फोन येणार होता आणि ती तात्यांचा निरोप घ्यायला जाणार होती. तात्या चार मिनिटं सलग बोलणार आणि बकुळा ऐकणार. तिला एकही वाक्य नव्हतं.

“बोलणार काका, पण सीन तुझा आहे,” ओजसने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “कॅमेरा तुझ्या तोंडावरून हलणार नाही. चार मिनिटं नुसता चेहरा. मराठीत असा क्लोजअप कुणाच्या वाट्याला आला असेल तर मला दाखव.”

आता मात्र त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. “उद्या ओठ हलले ना, तर मी दुसऱ्या कॅमेऱ्यावर जाणार. तुझ्या खांद्यावरून काका. तुझी वेणी दिसेल नि कान दिसेल. माझा इलाज नाही.”

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

माझे वडील तेव्हा विट्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे खिडकीआड बसून माइकवरून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं. माझी मालिका मोबाइलवर दिसणार हे त्यांनी डेपोतल्या एकूणएक ड्रायव्हर-कंडक्टरला सांगून ठेवलं होतं. क्लोजअप हा शब्द ते माझ्याकडून शिकले आणि रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, “झाला का गं तो तुझा?” मी म्हणायची, उद्या आहे, दादा. काहीतरी आहे एवढ्यावरच त्यांचं समाधान व्हायचं. पण त्या दिवशी तो फोन खरंच ‘उद्या’वर येऊन ठेपला होता.

ते कार्यालय खरंच मंगल कार्यालय होतं. पाचवडच्या पुढे, हमरस्त्यापासून जरा आत. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून मालकाने आम्हाला ते स्वस्तात दिलं होतं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होणार, त्याआधी आम्ही गाशा गुंडाळायचा, असा करार. आम्ही झोपायचोही तिथेच. बायका ‘वधूपक्ष’ पाटीच्या खोलीत, पुरुष ‘वरपक्षा’त. हॉलच्या टोकाला नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या असत आणि सकाळी उसाच्या शेतातलं धुकं दारातून सरळ आत यायचं. त्या धुक्यात कुणीतरी दात घासत हिंडत असायचं. तो स्ट्रगलर झालेला नट आहे की नट झालेला स्ट्रगलर, हे लांबून समजायचं नाही. जवळ गेलं तरी समजेलच असं नव्हतं. संवाद चहाच्या वेळी म्हटले जायचे आणि चहाच्या गप्पा दुसऱ्या दिवशी संवाद म्हणून कागदावर यायच्या. आज मागे वळून बघते तेव्हा कुठली गोष्ट कॅमेऱ्यासमोर झाली आणि कुठली कॅमेरा बंद असताना, हे मला छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

त्याच दुपारी तसं एक झालं. आम्ही जेवून सुस्तावलो होतो आणि भुईंजकडचे एक गृहस्थ मोटरसायकलवरून आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, कार्यालय बघायचं होतं. खरा व्यवस्थापक सुट्टीवर. काउंटरमागे काका बसले होते, तात्यांच्या पोशाखात, काळा कोट आणि नाकावर चष्मा. गृहस्थ त्यांनाच नमस्कार करून बसले. आता कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं की बाबा, आम्ही नट आहोत. पण चाळीस वर्षं एकेका वाक्याचे हवालदार आणि डॉक्टर केलेल्या माणसापुढे देवाने आयता प्रवेश वाढून ठेवला होता. काका उठले, किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि हिंडून सगळं कार्यालय दाखवलं.

“पंगतीला किती पानं?”

“सहाशे धरा.”

“सातशे धरू. सोयरे मोजून येत नाहीत. मुलीचं नाव काय म्हणालात?”

“प्रतीक्षा.”

“वा. आमच्याकडं सगळ्यांचंच ते नाव आहे.” खांबाआड उभे राहून आम्ही तोंडात रुमाल कोंबले. काकांनी त्यांना मांडव कुठे, वाजंत्री कुठे, रुसलेल्या व्याह्याला बसवायची खोली कुठली, ते सगळं समजावलं. मध्येच परत विचारलं, “मुलीचं नाव काय म्हणालात?” त्यांनी सांगितलं. दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तर आम्ही हसून हसून खाली बसलो. काय वेळ साधतो हा माणूस, असंच वाटलं.

गृहस्थ मार्गशीर्षातली तारीख ठरवून गेले. मालकाला ती पुढे मुकाट्याने पाळावी लागली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी हात धुवायच्या मोरीपाशी गेले. मंगल कार्यालयात असते तशी लांबलचक मोरी, बारा नळ आणि वर बारा आरसे. कंपनीतल्या एका जुन्या नटीने मला सांगितलं होतं की रंगमंचावर हसू आवरत नसेल तर पुढच्या दातात लवंग धरावी. मी स्वयंपाक्याकडून लवंगा आणल्या होत्या. एक दातात धरली, ओठ मिटले आणि काकांना हाक मारली.

“काका, उद्याचं एकदा म्हणता का? मला नुसतं ऐकायचंय.”

काका आले. टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यासमोर उभे राहिले आणि सुरू झाले.

“एकोणनव्वद साली मला पहिल्यांदा ‘कळवतो’ म्हणाले. घरी फोन नव्हता. मी खालच्या वाण्याचा नंबर दिला. वाणी म्हणाला, तात्या, फोन आला की हाक मारतो.”

ते थांबले. मी आरशात बघितलं, माझे ओठ दगडासारखे गप्प होते. मला आनंद झाला. काका मात्र पुढे बोलेनात. माझ्या डोळ्यांकडे नाही, खाली तोंडाकडे बघत राहिले.

“परत घेतो,” ते म्हणाले. परत घेतलं. परत त्याच जागी थांबले. तिसऱ्यांदा त्याच्याही आधी.

“काका, बरं वाटत नाही का?”

“ते तोंडात काय धरलंयस तू?”

“लवंग.”

“काढ की जरा.”

मी लवंग हातात घेतली. “आता म्हणा,” मी म्हटलं, आणि ते परत सुरू झाले. या वेळी पाण्यासारखं गेलं. वाणी, वाण्याची हाक, तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, सगळं. मी समोरच्या आरशात बघत होते. माझे ओठ हलत होते आणि अर्ध्या क्षणाने काकांचे. मी पुढे, ते मागे.

मी तोंड मिटलं. काका वाक्याच्या मध्यावर थांबले.

“समजलं तुला,” ते म्हणाले आणि मोरीच्या कट्ट्यावर बसले.

“कधीपासून, काका?”

“दीड वर्ष. आधी माणसांची नावं गेली. मग वाक्यं जायला लागली. डॉक्टरनं मेंदूचा फोटो काढला नि म्हणाला, हे वाढत जाणार. सकाळी पाठ केलेलं दुपारी जातंय. सुनेशिवाय कुणाला ठाऊक नाही.” त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. “पहिल्या दिवशी तुझ्यासमोर उभा राहिलो आणि चौथंच वाक्य गेलं. आता अब्रू जातीय म्हणून तुझ्याकडं बघतोय तर काय, तुझ्या तोंडावर ते वाक्य. मला वाटलं, तुला कळलंय. कळून सांभाळून घेतीयेस.”

“मला तर माझे ओठ हलतात हेच माहीत नव्हतं.”

“म्हणजे दोघंही येडेच की आपण.”

आम्ही दोघे हसलो. मग मी विचारलं, ओठांवरचं त्यांना वाचता कसं येतं. ते म्हणाले, “यात्रेत नाटकं केलीत मी. समोर चार हजार माणूस, मागं पाळणा, शेजारी कुस्तीचा फड. प्रॉम्प्टर बोंबलला तरी ऐकू यायचं नाही. मग विंगेतल्या तोंडाकडं बघूनच बोलायचं. ती सवय जात नाही. सगळं गेलं, तेवढं राहिलं.”

“आपण सरांना सांगू. तुकड्या-तुकड्याने घेतील.”

“खबरदार.” काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “म्हाताऱ्या नटाला काम का देतात? दिसायला बरा म्हणून नव्हं. वेळेवर येतो आणि पाठ असतं म्हणून. पाठ नसतं हे एकदा फुटलं की चाळीस वर्षं पुसली बघ. इतकी वर्षं एका वाक्याची कामं केली मी, पोरी. हे चार पानांचं पहिलंच.” ते उठले. माझ्या हातातली लवंग त्यांनी बोटाने माझ्याकडे ढकलली. “उद्या ही तोंडात धर. तो क्लोजअप तुझा आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, मिळत असलं तर सोडू नये. माझं मी निभावतो.”

रात्री दादांचा फोन आला. “उद्या ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “डोळ्यात पाणी आणू नकोस उगीच,” ते म्हणाले, “तोंड नीट दिसत नाही त्यानं.”

सकाळी खिडकीतून ऊन आलं तेव्हा सगळं तयार होतं. दोन कॅमेरे. एक काकांच्या खांद्यावरून माझ्या चेहऱ्यावर, तो कॅमेरामन शब्बीर स्वतः सांभाळत होता. दुसरा माझ्या मागे, काकांवर. बाहेर अंगणात मांडववाल्यांचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. परवा तुळशीचं लग्न, तेरवा कार्यालयातलं पहिलं लग्न. बारा वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता.

“एकच टेक आहे आपल्याकडे,” ओजस म्हणाला. “फार तर दीड.”

मी लाल खुर्चीच्या पायथ्याशी बसले. काका समोर. त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं, लवंग? मी जिभेने ती दाखवली. त्यांनी मान हलवली आणि कोटाची बटणं लावली. मला त्या वेळी इतकं स्वस्थ वाटत होतं की आजही त्याचं नवल वाटतं. चार मिनिटं मला काही करायचं नव्हतं. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

ओजसने सुरू म्हटलं.

“एकोणनव्वद साली मला पहिल्यांदा ‘कळवतो’ म्हणाले.” काकांचा आवाज हॉलभर पसरला. “घरी फोन नव्हता. मी खालच्या वाण्याचा नंबर दिला. वाणी म्हणाला, तात्या, फोन आला की हाक मारतो. म्हणून तिसऱ्या मजल्यावरची खिडकी मी कधी लावली नाही. पावसातसुद्धा नाही.”

कालची जागा ओलांडली होती. माणूस रात्रभर घोकत बसला असणार. मला वाटलं, निभावलं.

“मग वाण्याचा मुलगा...” काका म्हणाले आणि थांबले.

एक, दोन, तीन. अभिनयातली थांबण्याची जागा इथपर्यंत असते. पाचच्या पुढे ती नसते. ओजसने कट म्हटलं नाही, त्याला वाटत होतं काका खेळतायत. काकांचे डोळे माझ्या डोळ्यांवर होते. त्यांनी ते खाली, माझ्या तोंडाकडे, येऊ दिले नाहीत. माझ्या वाट्याचं माझ्याकडे राहावं म्हणून तो माणूस त्या रिकाम्या जागेत एकटा उभा होता. कपाळावर घाम आला तरी त्याने नजर खाली उतरवली नाही.

मी सात वर्षं विंगेत बसले होते. एवढा वेळ नटाला अडलेला मी कधी बघितला नव्हता, आणि मला बघवेना. मी लवंग चावली. तोंडभर तिखट झालं. मी ओठ उघडले आणि भुवया जराशा वर केल्या, आम्ही विंगेतून करायचो तशा. काकांची नजर खाली आली.

“वाण्याच्या मुलानं दुकानात मोबाइल दुरुस्ती सुरू केली,” ते म्हणाले. “काचेच्या कपाटात शंभर फोन, बकुळे. शंभर. मी रोज जाऊन विचारतो, माझा फोन आला का. तो विचारतो, आजोबा, कुठल्या कंपनीचा. मी म्हणतो, कंपनी आठवत नाही. नाटकाची होती.”

मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. काका पुढे गेले. मी एकेक शब्द त्यांच्यापुढे ठेवत होते आणि ते तो उचलून असा म्हणत होते की तो माझ्या तोंडावरून आलाय हे माझंच मला खरं वाटेना. संहितेतली तीच वाक्यं. पण मी ज्या माणसाला शब्द देत होते तो ते पहिल्यांदाच ऐकत होता आणि पहिल्यांदाच बोलत होता, त्यामुळे त्यातलं काहीही शिळं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “तुला फोन आला. जा तू. आणि जाताना ती खिडकी लावून घे. गार वारं येतंय.”

ओजस कट म्हणायचाच विसरला. शब्बीरने स्वतःच कॅमेरा बंद केला.

काकांना कुणीतरी खुर्ची दिली, पाणी दिलं. मला ओजसने मॉनिटरकडे ओढत नेलं. मी बोलणी खायच्या तयारीत होते.

“बघ,” तो कुजबुजला.

त्याने आवाज बंद करून माझा शॉट लावला. मी बघितलं. ती मी होते, आणि तसा चेहरा मी माझा कधी पाहिला नव्हता. डोळे काकांवर खिळलेले, ओठ हलतायत, सगळा जीव त्या ओठांत.

“मी चुकलो होतो,” ओजस म्हणाला. “हे ठेवू आपण. बकुळानं तात्यांची ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की तिला ती पाठ झालीय. तो बोलतोय आणि तिच्या नकळत तिचे ओठ हलतायत. असं मला लिहिताना सुचलं नसतं. दमयंती, लोक वेडे होतील. हा एक शॉट तुला दहा वर्षं काम देईल.”

एखाद्याने दार उघडून धरावं आणि म्हणावं, या, तसं ते होतं. दादांचा डेपो माझ्या डोळ्यांसमोर आला.

मग ओजसने दोन्ही शॉट शेजारी शेजारी लावले. डावीकडे मी, उजवीकडे काका. तो आनंदात होता, त्याला दिसलं नाही. मला दिसलं. माझे ओठ पुढे होते. अर्धा क्षण, पण पुढे. आणि काकांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती. घरी चहा पिता पिता बघणाऱ्याच्या ते लक्षात आलं नसतं. पण आमच्या धंद्यातल्या कुणीही, कुठल्याही विंगेत महिनाभर बसलेल्या कुणीही, हे दोन चेहरे एकापाठोपाठ बघितले असते तर विचारलं असतं, या म्हाताऱ्याला प्रॉम्प्टिंग लागतं वाटतं?

“सर, हा वापरू नका,” मी म्हटलं.

“काय?”

“माझा नको. पाठीमागचा वापरा.”

“तुला समजतंय का मी काय म्हणतोय?”

“समजतंय. पण तुम्ही म्हणताय ते लोकांना समजणार नाही. लोक म्हणतील, बाई नवीन होती, दुसऱ्याची वाक्यं म्हणत होती आणि दिग्दर्शकाला दिसलंसुद्धा नाही. नाटकवाले तर टाळ्या देऊन हसतील. तुमची पहिली मालिका आहे.”

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चोख अभिनय मी तिथे केला, मॉनिटरच्या मागे, आणि तो कुठल्याच कॅमेऱ्यात आला नाही. मी जराशी तुच्छतेने हसलेसुद्धा. ओजसने शब्बीरकडे बघितलं. शब्बीर सरळ माणूस. म्हणाला, “मिस्टेक जैसा तो लगता है, सर.” ओजसचा चेहरा पडला.

“एकदा परत घेऊ तुझाच. ओठ बंद ठेवून,” तो म्हणाला. बाहेरून मांडववाल्यांनी बांबू उतरवायला सुरुवात केली होती. खिडकीतलं ऊन खांबावर चढलं होतं.

“ऊन गेलं, सर.”

त्याने टोपी काढून मांडीवर आपटली. “तुझ्यासारखी मुलगी मी पाहिली नाही. देतोय तर घेत नाहीस. यापुढे मी तुला कधी कळवणार नाही, दमयंती.”

त्याने तो शब्द पाळला. मी वधूपक्षाच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. मला खूप वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. मन मोठं वगैरे काही वाटलं नाही. खोलीतून बाहेर आले तेव्हा काका पायरीवर बसून मांडववाल्यांशी बोलत होते. मला म्हणाले, “जमलं का गं तुझं? आला का तुझा चेहरा?”

“आला,” मी म्हटलं.

‘कळवतो’ गाजली. तात्यांची ती चार मिनिटं लोकांनी एकमेकांना इतकी पाठवली की काकांना रस्त्यात माणसं थांबवायला लागली. पुढल्या दोन वर्षांत त्यांना तीन कामं मिळाली. त्यातल्या दोन ठिकाणी बोलायचं थोडं होतं, आणि तिसऱ्या ठिकाणी त्यांनी मला समोरची भूमिका द्यायला लावली. तिथेही मी पाठमोरीच होते. मग सुनेने काम बंद करवलं. माझंही बरं चाललं. पुढे माझं तोंड लोकांनी शेंगदाणा तेलाच्या जाहिरातीत पाहिलं, मालिकांमध्ये मी तीन वेळा नणंद झाले, आणि लवंगेशिवाय ओठ बंद ठेवायलाही शिकले.

दादांनी तो भाग स्टँडवरच्या खोलीत बारा-पंधरा जणांसोबत बघितला. रात्री फोन केला. बराच वेळ तब्येत, पाणी, जेवण असं चाललं. मग म्हणाले, “बघितलं आम्ही.”

“मी दिसले नाही, दादा.”

“पाठ दिसली की. ताठ बसली होतीस. आमच्यातलं पोक काही तू घेतलं नाहीस, ते बरं झालं.” फोन ठेवता ठेवता म्हणाले, “तो म्हातारा लई जीव लावून बोलत होता तुझ्याशी.”

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी मी कोल्हापूरला गेले तेव्हा काकांकडे गेले. सून मृदुला म्हणाली, ओळखणार नाहीत हं, वाईट वाटून घेऊ नका. काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते, स्वच्छ दाढी केलेली, अंगात स्वेटर. मला नमस्कार केला, बसा म्हणाले. मृदुला चहा टाकायला गेली. जाताना तिने मोबाइलवर तात्यांचा तो सीन लावून त्यांच्या हातात दिला. रोज दुपारी त्यांना तो लागतो, म्हणाली.

काका लक्ष देऊन बघत होते. “हा मी आहे म्हणतात,” त्यांनी मला सांगितलं. “असेन. बोलतोय बरा.”

“फार छान बोलताय,” मी म्हटलं.

त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं, वेणीवर, माझ्या पाठीवर. “हिचं तोंड दाखवलं नाही यांनी. गाढव आहेत. हा सगळा वेळ तो बोलतोय, पण बघतोय कुठं ते बघा की. तिच्याकडंच बघतोय.”

“कोण होती ती?”

ते आठवू लागले. “नाव गेलं,” ते म्हणाले. “तोंड आहे. एवढं बोलकं तोंड नंतर कधी बघितलं नाही मी. तुम्ही बघितलं होतं का तिला?”

“नाही,” मी म्हटलं. “मला बघायला मिळालं नाही. कशी होती, सांगा ना.”

काकांनी मोबाइल मांडीवर पालथा घातला, खुर्ची माझ्याकडे वळवली, आणि चहा येईपर्यंत ते मला मी कशी दिसत होते ते सांगत राहिले.